सुखवस्तू घरातील कुमारवय आणि वामन मल्हारांची कादंबरी

१

कुंडलिका नदीच्या उत्तर तीरावर अष्टमी आणि दक्षिण तीरावर रोहे अशी ही दोन गावे समोरासमोर वसलेली असून नगरपालिकेच्या नावातही ती एकत्रच नांदतात. हा सारा मुलूख भाताचा. रेल्वे येण्यापूर्वी येथील तांदूळ कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीस व तेथून मुंबईच्या बाजारास जात असे. भात पिकविणारा एक आणि भाताचा धनी दुसरा, ही तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील जमीनव्यवस्थेची सर्वपरिचित रचना होती. खोत, देशमुख, इनामदार आणि सावकार यांच्या कोठारात येणाऱ्या धान्याचा काही भाग विकला जाई आणि त्या पैशातून घरातील मुलगा मुंबईस अथवा पुण्यास इंग्रजी शिकावयास जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातील पांढरपेशा वर्ग उदयास आला, त्याच्या मुळाशी केवळ बुद्धी व दारिद्र्य नव्हते; अनेक घरांच्या बाबतीत असे शिलकी धान्यही होते.

या परिसरातून पुढे आलेल्या विद्यार्थ्यांत चिंतामणराव देशमुख (१८९६–१९८२) यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यांचे बालपण बव्हंशी रोह्यास गेले. वडील वकील होते. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिज आणि १९१८ मध्ये आय. सी. एस. परीक्षेतील पहिला क्रमांक ही त्यांच्या कुमारवयाची व तारुण्याची वाटचाल होय. त्यांच्याहून चौदा वर्षांनी वडील असलेले वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३) याच जिल्ह्यातील तळे या गावी जन्मले. तळे हे अष्टमी-रोह्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागातील गाव. देशमुखांनी राज्यव्यवहार व अर्थशास्त्र यांत कीर्ती मिळविली, तर वामन मल्हारांनी तत्त्वज्ञान, पत्रव्यवसाय, अध्यापन व कादंबरी या क्षेत्रांत. मराठी कादंबरीच्या इतिहासात वामन मल्हारांचा विचार सामान्यतः 'तत्त्वचर्चात्मक कादंबरीचे जनक' म्हणून होतो. हे वर्णन यथार्थ असले तरी अपुरे आहे. त्यांच्या कादंबऱ्यांतील चर्चा करणारी माणसे कोण, त्यांचे वय काय आणि चर्चा करण्याइतका वेळ त्यांना कोठून मिळाला, हे प्रश्न विचारले असता त्या कादंबऱ्यांचे एक निराळे ऐतिहासिक महत्त्व ध्यानात येते.

खाऊनपिऊन सुखी अशा घरातील, बाल्य ओलांडलेल्या पण संसारात न पडलेल्या मुलामुलींचे मनोविश्व हा मराठी कादंबरीचा स्वतंत्र विषय केव्हा व कसा झाला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे. वामन मल्हार हे या शोधाचे केंद्र होत. ते स्वतः धनिक घराण्यातील होते असे येथे सुचवावयाचे नाही. त्यांच्या लेखनाने ज्या वर्गाच्या तरुण पिढीस शब्द दिले, त्या वर्गाच्या स्थितीचा येथे विचार आहे.

२

मराठीत मुलांसाठी छापली गेलेली पहिली पुस्तके पाहिली तर सुखवस्तू घरातील मूल त्यांत प्रारंभापासून उपस्थित आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये 'बाळमित्र' प्रसिद्ध केले. मूळ लेखन फ्रेंच लेखक बेर्कॅं याचे असून ते इंग्रजीच्या द्वारे मराठीत आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील सुखवस्तू कुटुंबांतील मुलांच्या हाती देण्यासाठी हे वाङ्मय निर्माण झाले होते. साहजिकच त्यात नोकरचाकर असलेली घरे, आज्ञाधारक व हट्टी मुले आणि त्यांना लाभणारा बोध यांची रेलचेल आहे. संपत्ती ही येथे मुलाच्या चारित्र्याची कसोटी होय. श्रीमंत मुलाने गर्व करू नये, गरिबास दान करावे, वडिलांचे ऐकावे, हे या वाङ्मयाचे सूत्र. मूल स्वतः काय विचार करते हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा होता.

पुढे विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' मासिकाने (१८८१) बोधाचा हा प्रवाह दीर्घकाळ चालू ठेवला. कादंबरीच्या क्षेत्रात १८८५ साली हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची 'मधली स्थिती' अवतरली. नव्या शिक्षणाने आणि हाती खेळणाऱ्या पैशाने बिघडलेले पुण्यातील तरुण हा तिचा विषय. येथे संपत्ती हे संकट आहे. पैसा आणि मोकळा वेळ एकत्र आले की तरुण मद्याकडे व कुसंगतीकडे वळतो, असे ते गृहीत होय. बोधकथेतील हट्टी मूल मोठे झाले आणि कादंबरीत शिरले, इतकाच फरक. धनिक तरुणाविषयीची ही भीती केवळ वाङ्मयीन नव्हती. इंग्रजी शिक्षणाच्या पहिल्या दोन पिढ्यांनी ती अनुभवली होती.

हरिभाऊंचीच 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिची निवेदिका यमू आपले बालपण मोठ्या बारकाईने सांगते. तथापि तिच्या चरित्रात कुमारवय असे नाहीच. खेळण्याच्या वयात लग्न होते, माहेरची मुलगी सासरची सून होते आणि पुढे अकाली वैधव्य येते. बाल्य व संसार यांच्यामध्ये जो अवकाश असावयास हवा, तो यमूच्या समाजाने तिला दिलेला नाही. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर आली आणि एवढ्या दोन वर्षांसाठी महाराष्ट्रात केवढा वादंग माजला हे इतिहासास ज्ञात आहे. हरिभाऊंच्या 'मी' या कादंबरीतील मुलाला, भाऊला, मात्र शाळा आहे, मित्र आहेत, गुरू आहे आणि आयुष्याचे काय करावे याचा विचार करण्यास काही वर्षे आहेत. त्याच लेखकाच्या दोन कादंबऱ्यांत मुलाला कुमारवय मिळाले आणि मुलीला मिळाले नाही. हा लेखकाच्या दृष्टीचा दोष नसून समाजस्थितीचा यथातथ्य आलेख होय.

यावरून एक विधान करता येते. कुमारवय ही शरीराची अवस्था सर्वांस समान असली तरी समाजातील अवस्था म्हणून ती सर्वांस लाभत नाही. शेतावर राबणाऱ्या कुळाचा मुलगा आठव्या-दहाव्या वर्षी गुरांमागे जातो आणि तेव्हापासून तो लहान प्रौढच असतो. शिक्षणाचा खर्च सोसू शकणारे व लग्न लांबविण्याचे धैर्य करू शकणारे घर असेल तरच बाल्य आणि संसार यांच्यामध्ये पाचसात वर्षांची मोकळी जागा निर्माण होते. ती जागा निर्माण होईपर्यंत कादंबरीला तो विषय मिळणे शक्यच नव्हते. सुखवस्तू घरातील कुमारांविषयीची कादंबरी हे केवळ वर्गीय अभिरुचीचे अपत्य मानून तिची उपेक्षा करणे म्हणूनच इतिहासदृष्ट्या युक्त नाही. त्या वर्गाच्याच घरात ही अवस्था प्रथम जन्मास आली.

३

वामन मल्हारांचे पूर्वायुष्य या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तत्त्वज्ञान विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि सरकारी नोकरीची वाट न धरता प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयात राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात पडले. 'विश्ववृत्त' मासिकातील एका लेखाबद्दल १९०८ मध्ये खटला झाला व त्यांना तीन वर्षांची सक्तमजुरी भोगावी लागली. पुढे पत्रव्यवसायात काही काळ घालविल्यावर ते महर्षी कर्वे यांच्या हिंगणे येथील स्त्रीशिक्षणसंस्थेत अध्यापक झाले. म्हणजे त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग सोळा ते बावीस या वयातील विद्यार्थ्यांच्या, आणि विशेषतः विद्यार्थिनींच्या, सहवासात गेला. 'नीतिशास्त्रप्रवेश' (१९१९) हा ग्रंथ लिहिणारा तत्त्वज्ञ वर्गात रोज ज्या शंकांना उत्तरे देत होता, त्याच शंका त्याच्या कादंबऱ्यांत पात्रांच्या तोंडी आल्या आहेत.

त्यांची पहिली कादंबरी 'रागिणी' ही काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली व नंतर ग्रंथरूपाने आली. तिचे पूर्ण नाव 'रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद' असे आहे. हे उपनाम एका प्रसिद्ध सुभाषितावरून घेतले असून बुद्धिमंतांचा काळ अशा विनोदात जातो असा त्या सुभाषिताचा आशय आहे. येथे 'काळ जातो' हा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा होय. काळ जाण्यासाठी तो प्रथम हाती असावा लागतो. रागिणी व उत्तरा, भैय्यासाहेब व आनंदराव ही पात्रे पोटाच्या विवंचनेतून मुक्त आहेत. म्हणूनच स्त्रीचे हक्क, पातिव्रत्याचा अर्थ, वेदान्त व संसार यांवर ती रात्ररात्र वाद घालू शकतात. उत्तरेची स्वातंत्र्याकांक्षा आणि रागिणीची परंपरानिष्ठा या दोहोंना लेखकाने समान आदराने बोलू दिले. अमुक मुलगी चांगली व अमुक वाईट असा 'बाळमित्रा'चा निवाडा येथे नाही. मराठी कथावाङ्मयात तरुण मुलींना एकमेकींशी तत्त्वासाठी मतभेद करण्याची मुभा इतक्या विस्ताराने यापूर्वी मिळालेली दिसत नाही.

या कादंबऱ्यांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. त्यांत कृती थोडी व बोलणे फार, पात्रे ही मतांची वाहने, कथानक शिथिल, असा तो आक्षेप. कलादृष्ट्या त्यात तथ्यांश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्या वयाचे व ज्या स्थितीतील हे तरुण आहेत त्यांच्या जीवनात प्रत्यक्ष कृतीला वाव किती होता हेही पाहिले पाहिजे. धंद्याची निवड वडील करणार, विवाह कुटुंब ठरविणार, राज्य परक्यांचे असणार. अशा स्थितीत शिकलेल्या तरुणास खरोखर आपले म्हणता येईल असे एकच क्षेत्र उरते, ते म्हणजे मत. बोलणे हीच त्यांची कृती होती. चर्चेचे बाहुल्य हा दोष मानला तरी तो विषयातून उद्भवलेला आहे, केवळ लेखकाच्या अंगभूत असमर्थतेतून नव्हे.

४

या दृष्टीने वामन मल्हारांची सर्वांत महत्त्वाची कृती 'सुशीलेचा देव' ही होय. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. याच वर्षी ते मडगाव येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आणखी एक योगायोग असा की आदल्या वर्षी संमत झालेला बालविवाहास प्रतिबंध करणारा शारदा कायदा १९३० च्या १ एप्रिलपासून अमलात आला. मुलीच्या विवाहास चौदा व मुलाच्या विवाहास अठरा वर्षांची किमान मर्यादा त्याने घातली. यमूला न मिळालेली वर्षे कायद्याने देऊ केली आणि त्याच वर्षी मराठी कादंबरीने त्या वर्षांत मुलीच्या मनात काय घडते याचा आलेख काढला. कायदा कागदावर राहिला आणि खेड्यापाड्यांत बालविवाह पुढेही होत राहिले हे खरे. परंतु शहरांतील सुशिक्षित घरांत हा अवकाश कायद्यापूर्वीच निर्माण होऊ लागला होता.

'सुशीलेचा देव' या कादंबरीचे सूत्र साधे आहे. बालपणी मूर्तीत दिसणारा देव वाढत्या वयाबरोबर बदलत जातो. श्रद्धेला शंकेचा स्पर्श होतो, दुःखाने शंका तीव्र होते आणि अखेरीस देव ही संकल्पना ध्येयनिष्ठेच्या व मानवतेच्या रूपाने पुन्हा उभी राहते. येथे देवाच्या कल्पनेचा विकास आणि मुलीच्या व्यक्तित्वाचा विकास या दोन गोष्टी एकच झाल्या आहेत. एखाद्या मुलीचे वयात येणे हे तिच्या विवाहाने न मोजता तिच्या विचाराने मोजण्याचा हा प्रयत्न मराठीत अभूतपूर्व होता. श्रद्धेचा प्रश्न गरीब घरातील मुलीला पडत नाही असे नाही. परंतु तो वर्षानुवर्षे मनात घोळविणे, त्यासाठी ग्रंथ वाचणे, वडीलधाऱ्यांशी वाद घालणे आणि उत्तर न मिळाल्यास ते न मिळाल्याचे मान्य करणे, याला स्वास्थ्य लागते. सुशीलेच्या देवामागे सुशीलेचे घर उभे आहे.

यानंतरची 'इंदू काळे व सरला भोळे' ही कादंबरी १९३४ च्या सुमारास आली. ती पत्ररूप आहे आणि या विषयाला हा रचनाबंध किती अनुरूप आहे हे सांगावयास नको. पत्र हे शिक्षित व सवड असलेल्या तरुणांचे साधन. समोरासमोर बोलण्यास जो संकोच असतो तो पत्रात नसतो, आणि पत्र लिहिणाराला आपले मन स्वतःलाच समजावून सांगावे लागते. कला व नीती यांचा संबंध हा त्या पत्रांतील मुख्य वाद असला तरी त्यांतून उभे राहणारे चित्र आपण कोण व्हावे याचा निर्णय करू पाहणाऱ्या पिढीचे आहे. 'रागिणी'तील सभेसारख्या चर्चेपासून येथील खाजगी पत्रापर्यंतचा प्रवास हा वामन मल्हारांच्या कलेतील विकासही आहे.

ज्या संस्थेत त्यांनी अध्यापन केले तिच्या संबंधातील एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, १९०७ मध्ये महिला विद्यालय काढले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठाचा प्रारंभ केला. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. ठाकरसी हे मुंबईतील कापडगिरण्यांचे मालक. मुलींना लाभलेली विचाराची वर्षे अशा रीतीने गिरणीच्या नफ्यावरही काही अंशी उभी होती. देणगीदाराच्या औदार्याला यामुळे बाध येत नाही. परंतु कुमारवयाच्या अवकाशाला किंमत पडते आणि ती कोणीतरी देत असतो, हे सत्य त्यातून स्पष्ट होते.

५

हे सत्य वामन मल्हारांच्या कादंबरीत मात्र प्रश्नरूपाने फारसे येत नाही, आणि येथेच तिची मर्यादा आहे. त्यांच्या जन्मजिल्ह्यात त्याच वर्षांत जे घडत होते त्याच्याशी तुलना केली म्हणजे ती मर्यादा ठळकपणे दिसते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला. आसपासच्या गावांतून पसरलेला हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अखेर खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. म्हणजे 'इंदू काळे व सरला भोळे' मधील तरुण पत्रांतून कला व नीती यांचा निर्णय करीत असता, ज्या धान्याच्या शिलकीवर कुलाबा जिल्ह्यातील अशा कितीतरी घरांची सवड आधारलेली होती, ते धान्य पिकविणाऱ्याने नांगर खाली ठेवला होता.

यावरून वामन मल्हारांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. राष्ट्रीय शिक्षणासाठी तुरुंगवास पत्करणारा व पुढे स्त्रीशिक्षणाच्या संस्थेत आयुष्य वेचणारा हा लेखक सुखासीन नव्हता. नीतीचा विचार त्याने व्यक्तीच्या अंतःकरणापासून सुरू केला. व्यक्तीचे घर कशावर चालते या बाजूने केला नाही. सत्य, शिव व सुंदर यांच्या परस्परसंबंधाचा निर्णय झाला की उरलेले प्रश्न त्या प्रकाशात सुटतील असा त्याच्या पिढीचा विश्वास होता. तो विश्वास पुढे टिकला नाही. तथापि सुशीलेसारख्या मुलीला 'हे असे का?' म्हणून विचारण्याचा अधिकार एकदा मिळाल्यानंतर ती 'माझे शिक्षण कोणाच्या श्रमावर?' असे विचारण्यापर्यंत केव्हातरी पोचणारच होती. पहिल्या प्रश्नावाचून दुसरा संभवत नाही.

समकालीन व उत्तरकालीन लेखकांनी या अवस्थेचे काय केले याकडे दृष्टिक्षेप टाकणे येथे उपयुक्त ठरेल. ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) आदी कादंबऱ्यांतून सुस्थितीतील तरुण-तरुणींना महाविद्यालयीन वाचकांचे आदर्श बनविले. त्यांच्या हाती मोकळा वेळ प्रणयासाठी आला आणि संपत्ती ही नेपथ्याची शोभा झाली. वाचकवर्ग मात्र त्यामुळे अफाट वाढला, हे त्यांचे श्रेय होय. वि. स. खांडेकरांनी 'दोन ध्रुव' (१९३४) या नावातच श्रीमंती व दारिद्र्य यांना समोरासमोर उभे केले. त्यांच्या नायकाला स्वतःच्या सुखाची लाज वाटू लागली. हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या व वामन मल्हारांच्या विचारांच्या सहवासात वाढलेल्या विभावरी शिरूरकर यांनी 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) मधून निराळेच दुःख मांडले. शिक्षणामुळे विवाह लांबला, अवकाश मिळाला. पण त्या अवकाशात मुलीला एकटे सोडून समाज निघून गेला, तर काय? गुरूने ज्या वर्षांना विचाराची वर्षे म्हटले, त्यांतील भावनेची उपासमार शिष्येने उघड केली.

१९३५ मध्ये साने गुरुजींची 'श्यामची आई' प्रसिद्ध झाली आणि मराठी कुमारवाचकाच्या मनात दरिद्री पण सुसंस्कृत मुलाची मूर्ती कायमची प्रतिष्ठित झाली. श्यामचे दारिद्र्य परंपरेने आलेले नसून खोताचे एके काळचे संपन्न घर खालावल्याने आलेले आहे, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानात क्वचितच राहते. श्याम हाही सुखवस्तू घरातीलच कुमार. फक्त ते सुख त्याच्या हाती येण्यापूर्वीच सरले आहे. कर्जात गेलेल्या घराचे दुःख आणि आईचे संस्कार यांची जी सांगड गुरुजींनी घातली, तिच्यामुळे मराठीत श्रीमंत मुलाविषयी सहानुभूतीने लिहिणे काही काळ जवळजवळ अशक्य झाले. कुमारांच्या कादंबरीचा नायक गरीब तरी असावा किंवा साहसी तरी असावा, असा संकेत रूढ झाला. भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे हा दुसऱ्या प्रकारचा. त्याच्या साहसाच्या वेगात घरच्या स्थितीचा प्रश्न वाचकाला पडतच नाही.

वामन मल्हारांनी न विचारलेला प्रश्न प्रत्यक्ष कादंबरीत आला तो १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील सधन शेतकऱ्याचा मुलगा पुण्यास शिकावयास येतो, वडिलांचे पैसे उधळतो, परीक्षेत अपयशी होतो आणि गावी परततो. येथे नायक घरच्या पैशाचा हिशेब विसरू शकत नाही. वडील पाठवितात तो पैसा शेतातून येतो, हे ओझे त्याच्या उपरोधाच्या तळाशी सतत जाणवते. त्याच्याकडेही भरपूर वेळ आहे, पण त्या वेळाचे काव्यशास्त्रविनोदात रूपांतर करण्याची श्रद्धा त्याच्यापाशी उरलेली नाही. अमेरिकन लेखक सॅलिंजर याच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या कादंबरीतील धनिक घरचा, शाळेतून काढलेला होल्डन याच्याशी पांडुरंगाची तुलना अनेकदा होते. दोघांतील साम्य वयाचे व वैतागाचे आहे. भेद असा की होल्डनला परतण्यासाठी शेत नाही आणि त्याच्या वडिलांच्या पैशाला मातीचा वास नाही.

६

इंग्रजीत पुढे कुमारांसाठीची कादंबरी हा प्रकाशनव्यवहारातील एक स्वतंत्र विभाग झाला, आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमधील अतिश्रीमंत शाळकरी मुलामुलींच्या जीवनावरील सेसिली फॉन झिगेसार यांची 'गॉसिप गर्ल' ही मालिका (२००२ पासून) लोकप्रिय झाली. तेथे पोशाख, मेजवान्या व प्रेमप्रकरणे यांच्या द्वारे संपत्ती ओळखली जाते. मराठीत या जातीची परंपरा रुजली नाही. याचे कारण मराठी समाजात श्रीमंत नव्हते हे नव्हे. मराठी कादंबरीने संपत्तीकडे कधी दोष म्हणून, कधी सवड म्हणून, कधी गमावलेला ठेवा म्हणून आणि शेवटी ऋण म्हणून पाहिले, परंतु निखळ उपभोग म्हणून तिच्याकडे पाहणे तिला फारसे मानवले नाही, हे होय. फडक्यांच्या कादंबरीतही उपभोगापेक्षा शोभेचाच भाग अधिक.

या क्रमात वामन मल्हारांचे स्थान आता निश्चित करता येते. त्यांच्या पूर्वी संपन्न घरातील तरुण हा उपदेशाचा विषय होता. त्यांच्या कादंबरीत तो विचाराचा कर्ता झाला, आणि मुख्य म्हणजे ती कर्ता झाली. कोकणातल्या भातखाचरांवर, सावकारी कागदांवर आणि मुंबईच्या गिरण्यांवर उभी असलेली काही वर्षांची सवड मराठी मुलींच्या एका लहान वर्गाला मिळाली. त्या सवडीचे सार्थक कशात, याचे उत्तर त्यांनी विचारात शोधले. ते उत्तर अपुरे होते. कारण सवड देणाऱ्याचा चेहरा त्या विचारात आला नाही. पण सवड ही उधळण्याची वस्तू नसून उत्तर देण्याची जबाबदारी आहे, हे मराठी कादंबरीला प्रथम त्यांनी सांगितले.

१९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. खोती त्यापूर्वीच तीन दशके इतिहासजमा झाली होती. रोह्यास रेल्वे आली, कारखाने आले आणि अष्टमी-रोह्याच्या पंचक्रोशीतील कुळांच्या नातवंडांनाही शाळेची, महाविद्यालयाची व लग्नापूर्वीच्या मोकळ्या वर्षांची वाट खुली होऊ लागली. कुमारवय ही एका वर्गाची मिरासदारी राहिली नाही. ज्यांच्या आजोबांच्या श्रमावर सुशीलेच्या वर्गाची सवड उभी होती, त्यांच्या नातींना आता स्वतःच्या देवाविषयी शंका विचारण्याइतका वेळ मिळू शकतो. त्यांच्या शंकांची कादंबरी मराठीत कोणत्या रूपाने अवतरते, हा यापुढील वाङ्मयेतिहासाचा विषय होय. आणि ती लिहिली जाईल तेव्हा तिच्या पूर्वपीठिकेत तळ्याच्या या तत्त्वज्ञ कादंबरीकाराचा, त्याच्या मर्यादेसह, उल्लेख करावाच लागेल.